प्रोटीन स्क्रीनवर फिरवून बघायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीची बायोलॉजी शिकवणारे, बीएससी-एमएससी बायोटेकवाले, फार्मसीची मुलं, आणि नुसतं कुतूहल म्हणून विचारणारे, सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात म्हणून एकत्र लिहितोय. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी हिमोग्लोबिनच घेतलंय, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि त्यात बघण्यासारखं खरंच खूप आहे.

पुस्तकात चित्र छापलेलं असतं की, मग हे सगळं कशाला?

पुस्तकातलं चित्र एका बाजूने काढलेलं असतं आणि ती बाजू दुसऱ्या कोणीतरी निवडलेली असते. त्याला हीम (मध्ये लोखंड असलेला, ऑक्सिजन धरणारा भाग) दाखवायचा असतो म्हणून हीम समोर येतो, आणि तुम्हाला जो प्रश्न पडलाय त्याचं उत्तर मागच्या बाजूला असेल तर ते चित्र तुमच्या काही कामाचं नाही. हिमोग्लोबिनच्या चित्रात चार साखळ्या चार रंगांत दिसतात, ठीक आहे, पण त्यांच्या मधोमध एक पोकळी आहे हे त्यावरून कळेलच असं नाही, आणि त्याच पोकळीत दोन बीटा साखळ्यांच्या मध्ये २,३-बीपीजी नावाचा छोटा रेणू बसतो म्हणून हिमोग्लोबिन शरीरात ऑक्सिजन सोडायला तयार होतं. स्क्रीनवर फिरवलंत की ती पोकळी लगेच सापडते, कोणी बोट दाखवावं लागत नाही.

दुसरं म्हणजे खोली. स्क्रीन शेवटी सपाटच असते, पण रेणू फिरायला लागला की पुढचे आणि मागचे अणू एकमेकांवरून सरकतात आणि त्या हालचालीवरून डोळ्याला पुढे काय मागे काय ते कळतं. माउस थांबवला की परत सगळं सपाट. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की बघताना हात थांबवू नका, हळूहळू हलवत राहा.

भारी कॉम्प्युटर लागतो का? ग्राफिक्स कार्ड वगैरे?

नाही. हिमोग्लोबिनएवढं प्रोटीन साध्या लॅपटॉपवर, ब्राउझरमध्ये मस्त फिरतं, बऱ्यापैकी फोनवरही चालतं. रायबोसोम किंवा अख्खं व्हायरस उघडायचं असेल तर मात्र मेमरी लागते.

कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

पहिल्यांदाच करत असाल तर काहीच इन्स्टॉल करू नका. प्रोटीन डेटा बँक म्हणजे प्रोटीनच्या स्ट्रक्चरचा, म्हणजे अणू कुठे कुठे आहेत त्या मांडणीचा, साठा. तिच्या साइटवर जाऊन कुठलीही एन्ट्री उघडली की तिथेच मोल-स्टार नावाचा व्ह्यूअर असतो, तो सुरुवातीला पुरतो. नुसतं एका अमिनो ॲसिडवर (प्रोटीनच्या साखळीतल्या एका मण्यावर) क्लिक केलं की तो तिथे झूम करतो, आजूबाजूचे शेजारी दाखवतो आणि हायड्रोजन बाँड (अणूंमधली हलकी ओढ) वगैरे तुटक रेघांनी काढून देतो, नव्या माणसाला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही असं माझं मत आहे.

पुढे स्वतःच्या फिगर बनवायच्या असतील, दोन स्ट्रक्चर एकमेकांवर ठेवून बघायची असतील तर कायमेरा-एक्स किंवा पायमोल. कायमेरा-एक्स सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं आहे आणि शिक्षण-संशोधनासाठी फुकट आहे. पायमोल वॉरन डिलॅनो यांनी २००० च्या सुमारास सुरू केलं, आता त्याचं तयार पॅकेज लायसन्सचं आहे पण ओपन सोर्स कोडही मिळतो. जेमोल शाळा-कॉलेजच्या वेबपेजवर अजूनही दिसतं. कुठलंही एक घ्या आणि त्यातच हात बसू द्या, पाच सॉफ्टवेअर अर्धवट शिकण्यात वेळ जातो.

फाइल कुठे मिळते? पैसे लागतात का?

पैसे अजिबात नाही, लॉगिनही नाही. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबमध्ये सुरू झाली तेव्हा त्यात जेमतेम सात स्ट्रक्चर होती, २०२३ मध्ये आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. एका स्ट्रक्चरमागे कोणाची तरी वर्षानुवर्षांची मेहनत असते आणि ती कोणालाही, जालना-गडचिरोलीतल्या कॉलेजच्या पोरालाही, जशीच्या तशी उघडून बघता येते, मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

प्रत्येक एन्ट्रीला चार अक्षरी कोड असतो. इथे मी तो देवनागरीत लिहिलाय, सर्चमध्ये टाकताना आकडा आणि अक्षरं इंग्रजीत टाका. ऑक्सिजन नसलेलं माणसाचं हिमोग्लोबिन म्हणजे ४एचएचबी, ऑक्सिजन बसलेलं १एचएचओ, सिकलसेलचं २एचबीएस. हे तीन लिहून ठेवा, पुढे लागणार आहेत.

फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर नुसते आकडेच दिसतात, चित्र कुठे आहे?

चित्र फाइलमध्ये नसतंच. एका ओळीत एक अणू, तो कुठल्या अमिनो ॲसिडचा, कुठल्या साखळीतला, आणि त्याचे एक्स, वाय, झेड असे तीन आकडे अँगस्ट्रॉममध्ये. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मीटरचा एक हजार कोटीवा भाग. पट्ट्या, गोळे, काड्या हे सगळं सॉफ्टवेअर त्या आकड्यांवरून त्या क्षणी काढतं, म्हणूनच तुम्हाला हवं तसं बदलता येतं. ती फाइल एकदा तरी नोटपॅडमध्ये उघडून बघाच, समोरचं चित्र शेवटी या आकड्यांचंच आहे हे मनात पक्कं बसतं.

हे सुरू कोणी केलं? आधी लोक काय करायचे?

आधी हाताने मॉडेल बनवायचे. केंब्रिजमध्ये जॉन केंड्रू यांनी १९५८ मध्ये स्पर्म व्हेल या देवमाशाच्या मायोग्लोबिनचं, म्हणजे स्नायूंत ऑक्सिजन धरणाऱ्या प्रोटीनचं, पहिलं ढोबळ स्ट्रक्चर काढलं, प्रोटीनचं हे पहिलंच. नंतर जास्त बारीक डेटा आल्यावर उभ्या सळ्यांचं जंगल उभं करून त्यात रंगीत क्लिपा लावून अणूंच्या जागा मांडल्या, एका अँगस्ट्रॉमला पाच सेंटिमीटर या मापाने. खोलीभर पसारा, आणि आतला अणू बघायचा तर सळ्यांमधून डोकावायचं. १९६२ चं केमिस्ट्रीचं नोबेल केंड्रू आणि हिमोग्लोबिनवाले मॅक्स पेरुत्झ यांना मिळून मिळालं.

कॉम्प्युटरवर रेणू फिरवायचं काम सायरस लेव्हिन्थाल आणि त्यांच्या सोबतच्यांनी एमआयटीत १९६४ नंतर सुरू केलं. एक मोठा टाइमशेअरिंग कॉम्प्युटर, त्याला जोडलेला डिस्प्ले, आणि हाताने फिरवायचा एक गोलासारखा कंट्रोल, तो जसा वळवाल तसा पडद्यावरचा रेणू वळणार. दिसायच्या नुसत्या रेघा, रंग नाही, भरीव गोळे नाहीत. तरीही मला त्यातली खरी हुशारी कशात वाटते सांगू का, त्यांनी ठरवलं की माणूस बघत बघतच ठरवेल पुढे काय करायचं ते, सगळं कॉम्प्युटरवर सोडायचं नाही आणि सगळं माणसावरही नाही. आज आपण माउसने जे करतो ते तेच आहे.

पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात इव्हान्स अँड सदरलँडच्या महागड्या मशीन आल्या, त्या मोजक्याच लॅबना परवडायच्या. १९९२ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या डेव्हिड आणि जेन रिचर्डसन यांनी किनेमेज आणलं, वाचकाने लेख वाचता वाचता घरच्या कॉम्प्युटरवर स्ट्रक्चर फिरवायचं अशी ती कल्पना. त्याच सुमारास रॉजर सेल यांचं रासमोल आलं, फुकट आणि साध्या पीसीवर पळणारं, आणि हे सगळं मोठ्या लॅबच्या बाहेर पडलं.

४एचएचबी उघडलं पण नुसता गुंता दिसतोय, सुरुवात कुठून करू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर. गुंता दिसतो कारण तुम्ही एकदम सगळं बघताय. हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा साखळ्या आहेत, प्रत्येकी १४१ अमिनो ॲसिडच्या, आणि दोन बीटा, प्रत्येकी १४६ च्या, म्हणजे हजारो अणू. सगळं दिसलं तर काहीच दिसत नाही. आधी प्रश्न ठरवा आणि त्याला लागत नाही ते सगळं लपवा.

पहिला प्रश्न घ्या, किती भाग आहेत? साखळीनुसार रंग द्या, बाकी काही नको. ए आणि सी अल्फा, बी आणि डी बीटा. सावकाश फिरवा, एका दिशेने बघितलं की मधली पोकळी दिसेल.

दुसरा प्रश्न, ऑक्सिजन कुठे बसतो? आता साखळ्या फिक्या करा आणि फक्त हीम काड्यांमध्ये दाखवा. चार हीम दिसतील आणि बघा, ते एकमेकांपासून चांगलेच लांब आहेत. इथे थांबून विचार करा, कारण एका हीमवर ऑक्सिजन बसला की दुसऱ्यावर बसणं सोपं होतं हे आपण पुस्तकात पाठ केलेलं असतं, मग एवढ्या लांबच्या हीमला ते कळतं कसं?

तिसरी पायरी त्याच्याच मागे. कुठल्याही एका हीमवर झूम करा आणि तो कडेकडून, म्हणजे पातळ रेघेसारखा दिसेल असा फिरवा. मधला लोखंडाचा अणू बरोबर त्या रेघेत नाहीये, एका बाजूला किंचित बाहेर आलाय, आणि त्याच बाजूला एक हिस्टिडीन (अमिनो ॲसिडचा एक प्रकार) त्याला धरून आहे, अल्फामध्ये ८७ नंबरची, बीटामध्ये ९२ नंबरची. आता दुसऱ्या खिडकीत १एचएचओ उघडून तसाच हीम तसाच आडवा धरा. ऑक्सिजन बसलाय आणि लोखंड जवळजवळ हीमच्या पातळीत आलंय. लोखंड सरकलं की हिस्टिडीन ओढली जाते, ती ज्या हेलिक्समध्ये, म्हणजे साखळीच्या स्प्रिंगसारख्या वळलेल्या भागात, आहे तो हेलिक्स सरकतो, आणि शेवटी अल्फा-बीटाची एक जोडी दुसऱ्या जोडीच्या मानाने सुमारे १५ अंशांनी वळते. पेरुत्झ यांनी १९७० मध्ये हीच यंत्रणा मांडली. पुस्तकात हे एका ओळीत असतं, पण स्वतः लोखंड शोधून काढलं की ती ओळ कायमची लक्षात राहते.

१एचएचओ मध्ये दोनच साखळ्या दिसतात, फाइल खराब आहे का?

फाइल बरोबर आहे. हे स्ट्रक्चर प्रोटीनच्या क्रिस्टलवर, म्हणजे स्फटिकावर, एक्स-रे सोडून काढलेलं असतं. क्रिस्टलमध्ये तोच भाग पुन्हा पुन्हा येत असतो म्हणून फाइलमध्ये कमीत कमी लागतो तेवढाच ठेवतात, इथे एक अल्फा एक बीटा. बाकीचा अर्धा भाग सिमेट्रीने तयार करायचा. व्ह्यूअरमध्ये बायोलॉजिकल असेंब्ली असा पर्याय असतो तो निवडा, चारही साखळ्या येतील. हे माहीत नसलं की कोणीतरी हमखास लिहून मोकळं होतं की ऑक्सिजन बसला की हिमोग्लोबिन दोन साखळ्यांचं होतं.

प्रोटीन खरंच असं रिबनसारखं दिसतं का?

नाही हो. रिबन म्हणजे मुंबई लोकलचा नकाशा, स्टेशनांचा क्रम आणि लाइन कुठे वळते ते बरोबर असतं पण स्टेशनाबाहेरची वस्ती त्यात नसते. साखळीचा कणा कसा जातो ते बघायला रिबन उत्तम, जेन रिचर्डसन यांनी १९८० च्या आसपास हाताने काढलेल्या रिबनच्या चित्रांमुळेच ही पद्धत रूढ झाली. पण रिबनमध्ये हेलिक्स आतून पोकळ नळीसारखा दिसतो, आणि विद्यार्थी तेच खरं धरून चालतात. एक हेलिक्स निवडा आणि तो स्पेसफिल करा, म्हणजे प्रत्येक अणू त्याच्या खऱ्या आकाराच्या गोळ्याने दाखवा. आत जागाच नाही, गच्च भरलंय सगळं! प्रत्येक वेढ्यात ३.६ अमिनो ॲसिड, आणि बाजूच्या साखळ्या, म्हणजे प्रत्येक अमिनो ॲसिडचा कण्यातून बाहेर आलेला भाग, सगळ्या बाहेरच्या दिशेला.

म्हणून एकच प्रकार लावून बसू नका. कणा बघायला रिबन, कोण कोणाला धरतंय ते बघायला काड्या, खाचाखोचा बघायला सर्फेस, आणि किती दाटीवाटी आहे ते बघायला स्पेसफिल.

रंग खरे असतात का?

नाही, सोयीचे. ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, सल्फर पिवळा हे जवळपास सगळीकडे पाळतात. कार्बन कुठे करडा, कुठे हिरवा. लोखंड बहुतेक वेळा केशरी.

हायड्रोजन कुठे गेले? आणि हे सुटे लाल ठिपके काय आहेत?

एक्स-रे इलेक्ट्रॉनवरून विखुरतात आणि हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, त्यामुळे बहुतेक क्रिस्टल स्ट्रक्चरमध्ये तो दिसत नाही आणि फाइलमध्येही नसतो. हायड्रोजन बाँड ओळखायचा तर नायट्रोजन-ऑक्सिजनमधलं अंतर मोजा, २.७ ते ३.३ अँगस्ट्रॉमच्या आसपास असलं आणि दिशाही जुळत असली तर बहुधा आहेच. लाल ठिपके म्हणजे पाणी, त्याचा फक्त ऑक्सिजन. सगळ्यात आधी ते लपवतात सगळे, पण कधी कधी नेमकं एखादं पाणीच महत्त्वाचं काम करत असतं.

सिकलसेलमधला बदल आपल्याला स्वतःला बघता येईल का?

येईल, आणि आपल्याकडे तर बघायलाच हवा. विदर्भात, गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल किती घरांत आहे ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. आणि मुळाशी काय आहे तर बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलीन, बास, १४६ पैकी एक.

२एचबीएस उघडा. यात दोन अख्खी हिमोग्लोबिन आहेत, म्हणजे आठ साखळ्या, त्यातल्या बी, डी, एफ, एच या बीटा. चारही बीटांमधली सहा नंबरची व्हॅलीन निवडा, स्पेसफिल करा, भडक रंग द्या. पहिली गोष्ट दिसेल की ती बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, हीमपासून लांब, म्हणजे ऑक्सिजन धरण्याच्या जागेला तिने हातही लावलेला नाही. मग आजार होतो कशाने? आता त्याच बीटा साखळ्यांमधले ८५ नंबरचं फिनाइलअलॅनिन आणि ८८ नंबरचं ल्युसीन दुसऱ्या रंगात दाखवा. दोघांच्या मध्ये एक पाण्याला नको असलेला खड्डा आहे, आणि एका हिमोग्लोबिनची व्हॅलीन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या या खड्ड्यात जाऊन बसते. ग्लुटामिक ॲसिडवर चार्ज असतो, ते तिथे बसायला तयार नसतं. समोरच्या दोन रेणूंमध्ये अशी जोडी सापडली नाही तर सिमेट्री मेट्स, म्हणजे क्रिस्टलमधले शेजारी, ऑन करा आणि शोधा. एका हिमोग्लोबिनमधल्या दोन व्हॅलीनपैकी एकच अशी अडकते, कुठली ते तुमचं तुम्ही शोधा, तीच तर मजा आहे.

एकाला एक चिकटत लांब दोरे तयार होतात, लाल पेशी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि त्या पेशंटला जे दुखतं ते भयंकर असतं. ऑक्सिजन नसतानाच हे का होतं त्याचं कारणही इथेच आहे, ऑक्सिजन बसला की साखळ्या वळतात आणि रेणू एकमेकांत नीट बसत नाहीत. ज्या शाळांमध्ये सिकलसेलची तपासणी होते तिथल्या शिक्षकांना माझं मनापासून सांगणं आहे की प्रोजेक्टरवर हे एकदा दाखवा, मुलांना कळतं की हा कोणाचा शाप नाही, कोणाची चूक नाही, एका जागचा एक अमिनो ॲसिड बदललाय.

मी सहा नंबर निवडला तर भलतंच काहीतरी आलं, असं का?

कारण नंबर मोजायच्या दोन पद्धती आहेत. जीनवरून मोजलं की सुरुवातीचं मेथिओनीन धरतात, तयार प्रोटीनमध्ये ते गळून पडलेलं असतं. म्हणून नव्या रिपोर्टमध्ये तोच बदल सातव्या जागी लिहिलेला दिसतो. २एचबीएस मध्ये सहाच. कुठल्याही फाइलमध्ये आधी शेजारचे दोन-तीन अमिनो ॲसिड जुळतात का बघून मगच नंबरवर विश्वास ठेवा.

पायमोलमध्ये रेणू मधेच अर्धा कापलेला दिसतो.

माउसचं चाक फिरवलं असणार. तिथे चाकाने झूम होत नाही, पुढची-मागची कापणारी पातळी बदलते. झूमसाठी उजवं बटण दाबून ओढा. पण ही कापणी उपयोगाची आहे, प्रोटीनच्या आत बघायला मुद्दाम वापरा.

रेझोल्यूशन म्हणजे काय, किती असावं?

स्ट्रक्चरमध्ये किती बारीक तपशील वेगळा दिसतो त्याचं अँगस्ट्रॉममधलं माप. आकडा जितका लहान तितकं बारीक दिसतं. ४एचएचबी १.७४ अँगस्ट्रॉमचं आहे, २एचबीएस २.०५ चं, दोन्हींत बाजूच्या साखळ्या बऱ्यापैकी भरवशाच्या. तीनच्या पुढे गेलं की कणा ठीक पण बाजूच्या साखळीचं टोक नक्की कुठे वळलंय यावर मोठा निष्कर्ष काढू नका. कोरोनाच्या स्पाइक प्रोटीनचं २०२० च्या फेब्रुवारीत आलेलं क्रायो-ईएम (गोठवलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून काढलेलं) स्ट्रक्चर, ६व्हीएसबी, ३.४६ चं होतं, आणि तेवढ्यावरही त्याच्या तीन साखळ्यांपैकी एकीचा भाग वर उठलेला स्वच्छ दिसतो, म्हणजे प्रश्न काय आहे त्यावर सगळं अवलंबून. अडचण ही की स्क्रीनवर चांगलं आणि कच्चं स्ट्रक्चर सारखंच चकचकीत दिसतं. ज्या एन्ट्रीसोबत प्रयोगाचा डेटा ठेवलाय तिथे इलेक्ट्रॉन डेन्सिटीची जाळी (प्रयोगात इलेक्ट्रॉन कुठे दिसले ते दाखवणारी) ऑन करा, जाळी नाही तिथे अणू दिसत असेल तर सावध व्हा.

साखळी कशीही वळू शकते का?

नाही, अणू एकमेकांवर आदळतात. कुठली वळणं चालतात याचा नकाशा मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये काढला, आजही जगभर नवीन स्ट्रक्चर तपासताना रामचंद्रन प्लॉट बघतातच. कूट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लॉटवरच्या ठिपक्यावर क्लिक केलं की थेट त्या अमिनो ॲसिडपाशी नेतं, विचित्र जागी पडलेले ठिपके असे एकेक जाऊन बघा. ग्लायसीन असेल तर घाबरू नका, त्याला बाजूची साखळीच नाही म्हणून ते जास्त मोकळं.

आता अल्फाफोल्ड आलंय, मग जुनी स्ट्रक्चर कशाला बघायची?

अल्फाफोल्ड, म्हणजे अमिनो ॲसिडच्या क्रमावरून प्रोटीनच्या आकाराचा अंदाज बांधणारं एआय, जबरदस्त आहे यात वाद नाही, २०२२ मध्ये त्याच्या डेटाबेसमध्ये २० कोटींहून जास्त अंदाज आले, आणि २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना त्यासाठीच मिळाला, दुसरा अर्धा डेव्हिड बेकर यांना प्रोटीन डिझाइनसाठी. पण ते शिकलं ते प्रोटीन डेटा बँकेतल्या स्ट्रक्चरवरच. रंग आधी वाचा, गडद निळा म्हणजे खात्रीचा, फिका निळा ठीक, पिवळा आणि केशरी म्हणजे त्या भागाचा आकार खरा धरू नका. आणि त्या डेटाबेसमध्ये हिमोग्लोबिनची बीटा साखळी उघडून बघा, घडी सुंदर आहे पण हीमच नाही, जागा रिकामी. ज्याच्यासाठी ते प्रोटीन आहे तेच तिथे दिसत नाही.

हिमोग्लोबिन झालं, पुढे काय उघडू?

१एचएसजी. एचआयव्हीचं प्रोटीएझ (प्रोटीन कापणारं एन्झाइम) आणि त्यात बसलेलं इंडिनाव्हिर नावाचं औषध. दोन सारख्या साखळ्या, दोन्हींकडून येणारं २५ नंबरचं ॲस्पार्टिक ॲसिड, आणि वरून झाकणासारखे मिटलेले दोन फ्लॅप. सर्फेस लावा, औषध किती घट्ट बसलंय ते बघा. इथे मात्र पाणी लपवू नका, फ्लॅप आणि औषध यांना जोडणारं एक पाणी आहे, ते शोधा आणि त्याची अंतरं मोजा.